पवळाबाई : नाच त्यांचा, फड कोणाचा?

६ डिसेंबरला आमच्या वाडीतली निम्मी माणसे दादरला चैत्यभूमीवर असतात. नांदगाव रोड स्टेशनावरून आदल्या रात्रीच गाडी धरायची, रांगेत उभे राहायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे, हा वर्षानुवर्षांचा क्रम. जे मागे राहतात ते संध्याकाळी विहारात मेणबत्त्या लावतात, त्रिशरण-पंचशील घेतात. त्या दिवशी बाबासाहेबांशिवाय दुसरे कुणाचे नाव निघत नाही आणि ते योग्यच आहे.

पण याच तारखेला आणखी एक मरण नोंदलेले आहे. ६ डिसेंबर १९३९. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्या बरोबर १७ वर्षे आधी पवळा तबाजी भालेराव हिवरगावकर या बाई गेल्या. महार समाजात जन्मलेल्या आणि मराठी तमाशाच्या बोर्डावर नाव कमावलेल्या पहिल्या स्त्री कलावंत म्हणून त्यांना ओळखले जाते. आमच्या वाडीत हे नाव कुणाला ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते, हे आधीच कबूल केलेले बरे.

ते ठाऊक झाले एका भांडणामुळे. आमच्या वाडीतली एक मुलगी मुंबईला समकालीन नृत्य शिकते. आईवडील चाकरमानी, उन्हाळ्यात आणि गणपतीला सगळे गावी येतात. गेल्या जयंतीला तिने विहारासमोरच्या मंडपात पंधरा मिनिटांचा नाच करायचे ठरवले. विषय पवळाबाई. घुंगरू बांधून सुरुवात करायची आणि शेवटी ते सोडून ठेवायचे, एवढीच तिची कल्पना होती. जाणत्यांनी नकार दिला. कारणे दोन सांगितली. एक, जे बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते पुन्हा विहाराच्या दारात कशाला आणता. दुसरे, शीलात नाचगाणे वर्ज्य आहे. जयंतीला त्याच मंडपात डीजेवर रात्री अकरापर्यंत पोरे नाचली, त्याला मात्र शील आडवे आले नाही. तो मुद्दा त्या वेळी कुणी काढला नाही, आम्हीही नाही.

नंतर आम्ही काही जण बसलो आणि या बाई होत्या तरी कोण, हे शोधायला लागलो. त्यातून जे हाती आले ते इथे मांडत आहोत.

आधी नावाबद्दल. जुन्या लिखाणात आणि बोलण्यात त्यांचा उल्लेख एकेरी येतो. पवळा नाचली, पवळा आली, पवळा गेली. त्यांच्यासोबतच्या पुरुषाचा उल्लेख मात्र नेहमी बापूराव, तेही आदरार्थी. एकाच बोर्डावर उभ्या राहिलेल्या दोन माणसांतल्या एकाला राव आणि दुसरीला नुसते नाव. आम्ही पवळाबाई लिहिणार आहोत.

त्यांचा जन्म १८७० चा. गाव हिवरगाव पावसा, तालुका संगमनेर. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आजचा अहिल्यानगर. घर महार वस्तीतले. लहानपणी त्यांना जेजुरीच्या खंडोबाला मुरळी म्हणून वाहिले होते, असे त्यांच्या चरित्रात येते. मुरळी म्हणजे काय, हे आमच्या पिढीला नीट माहीत नाही, म्हणून थोडे थांबून सांगतो. घरात मूल जगत नसले, आजारपण हटत नसले की खंडोबाला नवस बोलला जाई, आणि तो फेडण्यासाठी मुलगी देवाला सोडली जाई. तिचे लग्न देवाशी लागे. म्हणजे माणसाशी लागत नसे. मग तिने वाघ्यासोबत जागरणात नाचावे, गावे, भंडारा उधळावा आणि मिळेल त्या दानावर जगावे. मोठी झाल्यावर तिच्या देहावर कुणाचा हक्क असेल, हे देव ठरवत नसे. गावातले पैसेवाले आणि वतनदार ठरवत. या मुली कोणत्या जातींतून येत, हे पाहिले की पुढचे सांगावे लागत नाही.

तर नाच पवळाबाईंनी निवडला नव्हता. त्यांच्या कलेबद्दल बोलताना हे विसरले जाते. जन्मजात कलावंत, अंगात लय घेऊन आलेल्या वगैरे वाक्ये आपण सहज लिहून जातो. लय अंगात असेलही. पण ज्या समाजात एका मुलीने पाटी घेऊन शाळेत बसायचे आणि दुसरीने घुंगरू बांधून रात्रभर जागरण करायचे, हे जन्माआधी ठरलेले असते, तिथे लयीचे कौतुक करताना जरा जपून बोलावे.

हे सगळे मुकाट्याने चालले होते असेही नाही. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली सोमवंशीय मित्र हे मासिक सुरू केले आणि त्यातून मुरळी सोडण्याच्या प्रथेवर हल्ला चढवला. शिवुबाई लक्ष्मण जाधव या मुरळीने त्या मासिकाला पत्र पाठवून आपली व्यथा कळवली आणि पुढे चळवळीतल्याच गणपतराव गायकवाड यांनी त्यांच्याशी लग्न केले. बाबासाहेब तेव्हा विद्यार्थी होते. म्हणजे आपल्या समाजाने हा प्रश्न त्यांच्याही आधी हाती घेतला होता. पवळाबाई त्या वेळी ३८ वर्षांच्या होत्या आणि त्यांचे नाव महाराष्ट्रभर झालेले होते. एकीकडे एक मुरळी मासिकात पत्र लिहून बाहेर पडत होती, दुसरीकडे दुसरी थिएटरात गर्दी खेचत होती. दोघी एकाच प्रथेच्या लेकी.

पवळाबाई फडावर आल्या तेव्हाचा तमाशा आजच्यासारखा नव्हता. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज घेऊन उभी राहिलेली पुरुषमंडळी आणि मध्ये लुगडे नेसलेला नाच्या पोरगा, असा तो थाट. बाईचे काम पोरगा करी. आम्हा तळकोकणातल्यांना यात नवल नाही. आमच्या दशावतारात आजही राजाची राणी दाढी करून रंगपटात बसलेली असते. रात्र चढत जाते तशी आपण ती राणीच मानतो. तमाशात आधी गण, मग गौळण, बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. वग म्हणजे पहाटेपर्यंत चालणारे, हजरजबाबावर उभे असलेले नाटक. हे सगळे उभे केले ते मुख्यतः महार आणि मांग कलावंतांनी. मोहना बटाव हा पहिला वग रचणारे उमाबाबू सावळजकर हे मांग समाजातले. ब्राह्मण शाहीरही झाले, पण ढोलकी खांद्याला लावून गावोगाव फिरणारा माणूस बहुतेक वेळा गावकुसाबाहेरचाच होता.

या फडात पोराच्या जागी प्रत्यक्ष बाई उभी राहिली, तेव्हा काय झाले असेल? एक झाले ते उघड आहे. प्रेक्षकांची गर्दी वाढली, तिकीट वाढले. दुसरे कमी बोलले जाते. पोरगा बाईचे सोंग घेई तेव्हा ते सोंग आहे, हे सगळ्यांना ठाऊक असे. खेळ संपला की तो पोरगा. बाई उभी राहिली तेव्हा सोंग आणि बाई यांतले अंतर प्रेक्षकाने पुसून टाकले. बोर्डावरची शृंगारिक लावणी म्हणजे तिचे खरे आयुष्यच, असे धरून चालणे सुरू झाले. नटाने खुनी रंगवला तर त्याला कुणी तुरुंगात टाकत नाही. लावणी करणाऱ्या बाईला मात्र लावणीतल्याच बाईसारखे वागवले गेले, आणि ती बाई खालच्या जातीची असल्यामुळे तसे वागवायला कुणाची हरकत नव्हती.

पवळाबाई नाचत कशा होत्या, हे आज कुणी दाखवू शकत नाही. आमच्या मुलीला सगळ्यात जास्त त्रास झाला तो इथेच. लावणीचा नाच कशावर उभा असतो, तेवढे सांगता येते. ढोलकीवाला तोडा वाजवतो आणि नाचणारी त्याला पायांनी उत्तर देते. कधी ती पुढे, कधी तो. शब्दाचा अर्थ हाताने, भुवईने, पदराच्या टोकाने वाढवायचा, आणि तीच ओळ पुन्हा आली की तिचा अर्थ बदलायचा. हे सगळे समोरच्या माणसाच्या नजरेत नजर घालून करायचे. जिच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, तिने थिएटरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत थेट पाहायचे आणि त्यांनी पैसे देऊन ते पाहून घ्यायचे. मुलगी म्हणाली की तिच्या नाचात हीच जागा मोठी करायची होती. हे आम्हाला आधी सुचले नव्हते.

आता बापूराव. त्यांचे खरे नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६, गाव रेठरे हरणाक्ष, आजच्या सांगली जिल्ह्यात. ब्राह्मण, कुलकर्णी वतनाचे घर. तमाशाच्या नादाने त्यांनी घर सोडले, वतन सोडले, जानवे-सोवळे सोडले आणि फड उभा करून पठ्ठे बापूराव झाले. ब्राह्मण समाजाने त्यांना वाळीत टाकले. लावण्या, गण, गौळणी, वग यांची त्यांची रचना अफाट आहे. मिठाराणीचा त्यांचा वग राजर्षी शाहू महाराजांपुढे झाला होता. त्या काळात एका ब्राह्मणाने महार स्त्रीसोबत उघडपणे राहावे, तिच्यासह बोर्डावर यावे, गाडीने गावोगाव जावे, ही लहान गोष्ट नव्हती. याचे श्रेय त्यांना द्यायला आम्ही मागेपुढे पाहणार नाही.

पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. बापूरावांनी जात सोडली म्हणून ते त्यागी ठरले. पवळाबाईंना सोडायला काही नव्हतेच, म्हणून त्यांच्या वाट्याला त्यागाचे पुण्यही आले नाही. ब्राह्मण खाली उतरला याची कथा झाली. महार बाई वर चढली, याची कथा झाली नाही, कारण ती चढली असे कुणी मानलेच नाही. लोक सांगतात की मुंबईत केवळ पवळाबाईंना पाहण्यासाठी वेगळे तिकीट लावले होते. हे खरे असेल किंवा थिएटरवाल्यांनी उठवलेली वावडी असेल. पण अशी गोष्ट बापूरावांबद्दल कुणी सांगत नाही, एवढे ध्यानात घ्यावे.

मुंबईतले ते दिवस दोघांच्या भरभराटीचे. गिरण्या जोरात होत्या. घाटावरून आणि कोकणातून आलेला कामगार आठवड्याचा शीण उतरवायला थिएटरात जाई. आमच्या पणजोबांच्या पिढीतली कितीतरी माणसे तेव्हा गिरणीत आणि गोदीत होती. त्यांच्यातल्या कुणी पवळाबाईंना पाहिले असेल का, असे आम्ही वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींना विचारले. आजी हसल्या आणि म्हणाल्या, पाहिले असते तरी घरी सांगितले असते का.

पुढे पवळाबाई आणि बापूराव यांची फारकत झाली. का झाली, याच्या नाना कथा आहेत आणि बहुतेकांत दोष बाईचा आहे. त्या कथांत आम्ही शिरत नाही.

आता १९२७. महाडच्या चवदार तळ्याचे वर्ष. सत्याग्रहाला पैसा हवा होता. त्या वेळी पठ्ठे बापूराव बाबासाहेबांकडे गेले आणि आपल्या तमाशाचे खेळ लावून त्यांचे उत्पन्न सत्याग्रहाला देण्याची तयारी त्यांनी दाखवली. बाबासाहेबांनी ती मदत नाकारली. महार स्त्रियांना बोर्डावर नाचवून मिळालेला पैसा या लढ्याला नको, असा त्या नकाराचा अर्थ होता. हा प्रसंग आपल्या चळवळीत सांगितला जातो, शर्मिला रेगे यांच्या लेखनात येतो, आणि शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथातही या नकाराची सविस्तर चर्चा आहे. आमच्या जाणत्यांनी आमच्यासमोर ठेवला तो हाच प्रसंग. बाबासाहेबांनी नको म्हटले, विषय संपला.

आम्हाला तो तिथे संपलेला वाटत नाही. नकार बरोबर होता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. माणूस म्हणून पाणी पिण्याचा हक्क मागणाऱ्या लढ्याने, त्याच माणसांच्या लेकींना शिट्ट्यांच्या गर्दीत उभे करून मिळालेला पैसा कसा घ्यायचा? घेतला असता तर विरोधकांनी तेवढेच धरून ठेवले असते. पण त्या देवघेवीत समोरासमोर कोण होते, ते पाहावे. देणारे बापूराव होते आणि नाकारणारे बाबासाहेब. ज्यांच्या पायांनी तो पैसा मिळणार होता, त्या बायका त्या खोलीत बोलणाऱ्यांत नव्हत्या. काही जण ही गोष्ट सांगताना पवळाबाईंना बापूरावांच्या शेजारी उभे करतात. त्या साली पवळाबाई ५७ वर्षांच्या होत्या. फडावर ज्यांना नाचवले जाणार होते त्या त्यांच्या नंतरच्या, आज नावही न उरलेल्या मुली असणार.

इथे आम्हाला आम्रपाली आठवली. वैशालीची गणिका. भगवंतांनी तिच्या घरचे भोजन स्वीकारले, लिच्छवींचे निमंत्रण मागून आले तरी शब्द बदलला नाही, आणि तिचे आम्रवनही संघासाठी घेतले. पुढे ती भिक्खुणी झाली आणि तिच्या गाथा थेरीगाथेत आहेत. मग बुद्धांनी जे घेतले ते बाबासाहेबांनी का नाकारले, असा प्रश्न कुणी आम्हाला अडचणीत आणण्यासाठी विचारू शकेल. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की विसंगती उरत नाही. आम्रवन आम्रपालीचे होते आणि द्यायला ती स्वतः आली होती. १९२७ साली आलेले दान नाचणारीचे नव्हते, नाचवणाऱ्याचे होते. बाबासाहेबांनी नाकारला तो फडमालकाचा पैसा. पवळाबाई स्वतः, आपल्या कमाईतले काही घेऊन आल्या असत्या तर काय झाले असते, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्या आल्या नाहीत किंवा त्यांना येता आले नाही.

१६ जून १९३६ रोजी मात्र त्या बायका समोर आल्या. परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासी आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रिया बाबासाहेबांच्या सभेला जमल्या होत्या. हे जिणे सोडा, त्यासाठी हाल सोसावे लागले तरी सोसा, असे त्यांनी स्पष्ट बजावले. ऐकायला ते कठोर वाटते. पण त्यांनी त्या बायकांना सभेला बोलावले, समोर बसवले आणि आपल्या समाजाचा भाग म्हणून त्यांच्याशी थेट बोलले. त्या काळातल्या किती पुढाऱ्यांनी हे केले?

यानंतर आपल्याकडे एक पोकळी तयार झाली. तमाशाची जागा आंबेडकरी जलशाने घेतली. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी गणेशवंदनाला आणि कृष्णाच्या गौळणीला फाटा दिला, जोडीला विचार आणला आणि गावोगावी चळवळ पोचवली. वामनदादा कर्डक पुढे त्याच वाटेवरचे. हे ऋण फेडता येणारे नाही. पण जलशातून नाचणारी बाई गेली, ती गेलीच. शाहीर पुरुष, सोंगाड्या पुरुष, गरज पडली तर बाईचे सोंगही पुरुषाचे. म्हणजे पवळाबाईंच्या आधी तमाशा जिथे होता तिथे, वेगळ्या आणि चांगल्या कारणाने का होईना, आपण परत आलो. बायका गायला पुढे आल्या, आज भीमगीतांचे कितीतरी मोठे आवाज स्त्रियांचे आहेत. नाच मात्र अडून राहिला. देह नाचला की तो विकला जातो, हा धसका मनात घर करून बसला, आणि तो धसका आपल्या आज्या-पणज्यांच्या खऱ्या अनुभवातून आलेला आहे, म्हणून त्याची थट्टा करता येत नाही.

आपण सोडले ते बाकीच्यांनी उचलले. स्वातंत्र्याच्या आसपास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, मग सुधारणेच्या अटींवर ती उठवली, संहिता तपासण्याची व्यवस्था आली. मराठी सिनेमाला लावणी सापडली. १९४७ चा रामजोशी, १९५९ चा सांगत्ये ऐका, १९७२ चा पिंजरा. हे सिनेमे महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. पहिल्या दोन्हींत दिसणाऱ्या हंसा वाडकर आमच्या सावंतवाडीकडच्या कलावंत घराण्यातल्या, त्यांचे आयुष्यही सरळ गेले नाही. पण पडद्यावरची लावणी आता घरंदाज प्रेक्षकाने बायकोमुलांसह पाहायची गोष्ट झाली होती. फडावर तीच लावणी करणाऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना राष्ट्रपती पदक मिळाले आणि म्हातारपण हालाखीत गेले. पठ्ठे बापूरावांच्या आयुष्यावर १९५० साली चित्रपट निघाला. नाव अर्थातच पठ्ठे बापूराव.

हे फक्त आपल्याकडे घडले असे नाही. मद्रासकडे देवदासींच्या नाचाला आधी गलिच्छ ठरवले गेले, १९४७ साली कायद्याने मुली देवाला सोडण्यावर बंदी आली, आणि त्याच काळात तो नाच भरतनाट्यम या नावाने वरच्या जातींच्या मुलींच्या शिक्षणाचा विषय झाला. बालसरस्वतींसारख्या परंपरेतल्या नर्तकीने तो हक्क शेवटपर्यंत सोडला नाही, पण त्या अपवाद. सीमेपलीकडे गोव्यात कलावंत समाजाने शिक्षणाच्या जोरावर ती वाट बंद केली आणि गोमंतक मराठा समाज म्हणून नवी ओळख उभारली. प्रत्येक समाजाने आपापल्या परीने हा काटा काढला आहे.

आमची मुलगी आम्हाला तिसरेच उदाहरण देते. अमेरिकेतले कृष्णवर्णीय नर्तक आल्विन एली. जन्म १९३१, टेक्सासमधल्या गरिबीतला. वर्णभेद कायद्याने चालू होता तेव्हा, १९५८ साली, त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःची नृत्यसंस्था काढली आणि १९६० साली रेव्हलेशन्स नावाची रचना बसवली. लहानपणी चर्चमध्ये ऐकलेली गुलामांची गाणी, बाप्तिस्म्याचे पाणी, उकाड्यात हातपंखे हलवणाऱ्या बायका, हे सगळे त्यात आले. आजही ती रचना जगभर होते. गोऱ्यांच्या करमणुकीसाठी काळ्या देहाला नाचवले जाई, म्हणून एलींनी नाच सोडला नाही. कुणासाठी नाचायचे आणि फड कुणाच्या मालकीचा, हे त्यांनी बदलले. समकालीन नृत्य म्हणजे तंग कपडे घालून जमिनीवर लोळणे, असा आमच्यातल्या काहींचा समज होता. तो हे पाहून गेला. थोडा उरला आहे.

राहिला शीलाचा मुद्दा. नृत्य, गीत, वाद्य आणि तमाशे पाहण्यापासून दूर राहण्याचे शील आहे, ते अष्टशीलात. उपोसथाच्या दिवशी जे उपासक-उपासिका आठ शीले घेतात त्यांच्यासाठी, तेवढ्या वेळापुरते, आणि भिक्खू-श्रामणेरांसाठी कायमचे. आपण रोज घेतो त्या पंचशीलात ते नाही. एका भन्तेजींना आम्ही विचारले, त्यांनीही हेच सांगितले. पौर्णिमेला नाच ठेवू नका, एवढे मात्र त्यांनी बजावले.

पवळाबाईंची अखेरची वर्षे फडाच्या झगमगाटापासून दूर गेली. त्या ६९ वर्षांच्या होऊन गेल्या. बापूराव सहा वर्षांनी, डिसेंबर १९४५ मध्ये, पुण्यात विपन्नावस्थेत वारले. म्हणजे ज्यांच्या जिवावर थिएटरे भरली ती दोन्ही माणसे, ब्राह्मण आणि महार, शेवटी थिएटरवाल्यांच्या हिशेबवहीतून सारखीच पुसली गेली. एवढी एकच समता त्या धंद्याने पाळली. बापूरावांच्या रचना छापल्या गेल्या, त्यांच्यावर पुस्तके निघाली, अभ्यास झाले. पवळाबाईंची रचना त्यांच्या पायांत होती, ती छापता येत नाही. बाबासाहेबांनी धम्म दिला तेव्हा त्यांना जाऊन १७ वर्षे होत आली होती. त्या बौद्ध झाल्या नाहीत, होऊ शकल्या नाहीत. आपल्या यादीत त्यांचे नाव बसवायचे तर ते कोणत्या रकान्यात, असा प्रश्न कुणाला पडेल. ज्या घरांनी १९५६ नंतर मुली देवाला सोडणे थांबवले, त्या घरांच्या रकान्यात, असे आमचे उत्तर.

या पावसाळ्यात आम्ही पुन्हा जाणत्यांसमोर बसलो. वर लिहिले आहे ते सगळे सांगितले, आम्रपालीसह. दोन तास चर्चा झाली, मध्ये वीज गेली, मेणबत्ती लावून चालू राहिली. एक काका शेवटपर्यंत नाही म्हणत होते. त्यांची आजी मुरळी होती, हे त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा सांगितले. घरात कुणालाच ते माहीत नव्हते, त्यांच्या मुलालाही नाही. त्यानंतर बराच वेळ कुणी बोलले नाही.

ठरले ते असे. नाच जयंतीच्या मंडपात नाही, त्याआधी एका रविवारी विहाराच्या अंगणात करायचा. तिकीट नाही, ओवाळणी नाही, नोटा उडवणे नाही. मोबाइलवर चित्रीकरण करायचे की नाही, हे नाचणारी ठरवील. सुरुवातीला पवळाबाईंची माहिती वाडीतलीच एक शाळकरी मुलगी वाचेल. ढोलकी आमच्यातला एक जण वाजवणार आहे, तो अजून तोड्यात चुकतो, म्हणून तालीम रोज संध्याकाळी आहे. काका तालमीला येतात, अंगणाच्या कडेला खुर्ची टाकून बसतात. घुंगरू शेवटी सोडायचे की बांधूनच ठेवायचे, याबद्दल त्यांचे आणि मुलीचे अजून एकमत झालेले नाही.